मिस्त्रींना विचारा : इंजिन खोलायच्या आधी

या वेळच्या पत्रांत बोटींच्या जुन्या डिझेल इंजिनांचीच गर्दी आहे, आणि बहुतेक पत्रांच्या शेवटी एकच विनंती आहे : झेपेल असा उपाय सांगा. म्हणून हा अंक त्यांच्यासाठीच ठेवला आहे. पहिलं उत्तर लांबलं आहे. पण बाकीच्यांनीही ते वाचावं, कारण पुढच्या उत्तरांत मी त्याच गोष्टी परत सांगणार नाही.

प्रश्न : माझ्या बोटीत तीन सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन आहे. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायला येते, तेव्हा कुठे ते धरतं. धरल्यावर पांढरा धूर ओकतं, गरम झालं की धूर कमी होतो. बोट चालवताना मात्र ताकद लागत नाही, आणि पूर्ण रेस दिली की काळा धूर. एका मेकॅनिकने धूर बघूनच सांगितलं की रिंगा गेल्या, लायनर गेले, पूर्ण काम काढावं लागेल. तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत. इंजिन खरंच संपलंय का?

उत्तर : संपलंही असेल, पण नुसता धूर बघून ते ठरत नाही. ‘रिंगा गेल्या’ म्हणायला काही लागत नाही, ऐकणाऱ्याचं मात्र दिवाळं निघतं. इंजिन एकदा खोललं की गॅस्केट, सील, वायसर हा खर्च ठरलेलाच, मग दोष डिझेल फवारणाऱ्या एका नोझलमध्ये का असेना. तुमच्या पत्रात मुळात दोन वेगळ्या तक्रारी आहेत. थंड असताना न धरणं ही एक आणि लोडवर काळा धूर ही दुसरी. दोन्हींचं मूळ एकच असेल असं धरून चालू नका.

आधी सकाळचं बघू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा 16 ते 22 पट दाबली जाते आणि त्या दाबानेच इतकी तापते, की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. क्रँक सावकाश फिरला की ही उष्णता थंड लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) शोषून घेतो, थोडी हवा पिस्टनभोवतीच्या रिंगांमधून निसटते, आणि डिझेल न जळता तसंच बाहेर पडतं. तोच तुमचा पांढरा धूर. त्याला कच्च्या डिझेलचा वास येतो, डोळे चुरचुरतात आणि मागे पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसतो. नुसती वाफ असेल तर ती हवेत लगेच विरते आणि तिला वास नसतो. तुमच्याकडे यातलं काय आहे ते नाकाने ठरवा.

म्हणून पान्यांची पेटी राहू द्या, आधी मल्टिमीटर काढा. 12 व्होल्टची चार्ज झालेली बॅटरी रात्रभर पडून राहिल्यावर 12.6 च्या आसपास दाखवायला हवी. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली जात असेल तर बॅटरी तरी दमली आहे किंवा सेल्फ तरी जास्त ओढतोय. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर धरा (वायरच्या टोकावर नको, खांबावरच) आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढा जोर वायर, स्विच आणि गंजलेले जोड खातायत. हीच तपासणी निगेटिव्ह खांब आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यात करा. बोटीत हा दुसरा जोड हमखास सडलेला सापडतो, कारण तो खाली ओलीत असतो आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. सँडपेपरने टोकं लख्ख घासा, जोड आवळा. वायरचं आवरण थोडं सोलून बघा. आतली तांब्याची तार काळी पडली असेल तर ती वायर बदलायचीच.

पुढे जाण्याआधी एक इशारा. एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडणारी रचना असेल, तर सेल्फ मारत राहिलात की पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला धुराचा दाब नसतो. पाणी साठत साठत उलटं एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. सुरू न होणारं इंजिन असं कायमचं बंद पडलेलं मी बघितलं आहे. म्हणून चाचण्या चालू असताना पाण्याचा कॉक बंद ठेवा आणि इंजिन धरल्या क्षणी उघडा, नाहीतर पंपातला रबरी इंपेलर कोरडा जळेल. आणि ते इथरचे स्प्रे लांब ठेवा. ग्लो प्लग (थंड सिलिंडर आतून तापवणारी विजेची कांडी) असलेल्या इंजिनात तर इथर मारायचाच नाही. तो वेळेआधीच भडकतो आणि धडधाकट रिंगाही मोडतो.

सेल्फ जोरात फिरतोय तरी धरत नाही, तर पुढचा संशय डिझेलमधल्या हवेवर. टाकीतून डिझेल ओढतो तो फीड पंप, आणि टाकीपासून त्याच्यापर्यंतचा पाईप ओढीवर असतो. तिथे फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, आणि बाहेरून सगळं कोरडं, स्वच्छ दिसतं. फट शोधत बसण्यापेक्षा एक सोपी चाचणी करा. स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन इंजिनापेक्षा उंच जागी पक्का बांधा, त्यातून आखूड पाईप थेट फीड पंपाला द्या आणि परतीचा पाईपही त्याच कॅनमध्ये सोडा. तापलेल्या एक्झॉस्टवर थेंबही पडता कामा नये. आता हवा काढा. आधी फिल्टरचा स्क्रू, मग इंजेक्शन पंपाचा, आणि शेवटी नोझलवरचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा. कॅनवर इंजिन गुमान चाललं तर दोष टाकी, पाईप किंवा पहिल्या फिल्टरमध्ये आहे. रिंगांचा विषय तिथल्या तिथे संपला.

टाकीतले दोष फार चकवतात. एक बोट होती, बरोबर ठरावीक वेळ चालायची आणि बंद पडायची. थोडं थांबलं की परत सुरू. फिल्टर बदलले, फीड पंप बदलला, इंजेक्शन पंप काढून कार्यशाळेत पाठवायचा इतपत गोष्ट गेली होती. टाकीतली ओढनळी उपसली, तर तिच्या तोंडाशी जोडावर गुंडाळायच्या पांढऱ्या प्लंबिंग टेपची वीतभर चिंधी. ओढ लागली की चिंधी तोंडावर बसायची, इंजिन बंद पडलं की गळून खाली. तेव्हापासून ती टेप डिझेलच्या जोडाला लावलेली दिसली की माझा हात आधी टाकीकडे जातो. जोडाला तांब्याचे वायसर वापरा. जुने वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की तांबं परत मऊ होतं. घासून साफ केले की पुन्हा बसतात. ॲल्युमिनियमच्या वायसरला हे करू नका, ते नवेच घ्या.

कॅनवरही तोच त्रास असेल तर एकेक सिलिंडर वेगळं पाडायचं. इंजिन मंद चालू ठेवून एका नोझलचा नट अर्धा आटा सैल करा. इंजिन लडखडलं तर ते सिलिंडर काम करत होतं. काहीच फरक पडला नाही तर तेच आळशी. हातमोजे आणि चष्मा घाला. फवाऱ्यासमोर बोट नेऊ नका, कारण या दाबाचं डिझेल कातडीत सुईसारखं घुसतं, आणि ते घुसलं तर दुखत नसलं तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. ही चाचणी जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांसाठीच आहे. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं ते) दाब 1,000 बारच्या वर जाऊ शकतो, तिथे चालू इंजिनाच्या नटाला हात लावायचा नाही.

आळशी सिलिंडर सापडलं की त्याचं नोझल आणि शेजारच्या चांगल्या सिलिंडरचं नोझल आपसात बदला. काढण्याआधी भोवतीची घाण फुंकून साफ करा. तळाचा जुना वायसर भोकात चिकटून राहिला नाही ना ते टॉर्च मारून बघा, नाहीतर नवा त्याच्यावर बसतो आणि गळती सुरू. दोष नोझलबरोबर शेजारी गेला तर नोझल तपासायला द्या. टेस्ट पंपावर त्याचा फवारा कसा पडतो ते दिसतं : धुक्यासारखा हवा, पिचकारीसारखी धार किंवा थेंब नकोत. दोष जागेवरच राहिला तरच कॉम्प्रेशनकडे वळायचं.

आणि तिथेही आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलून उघडणारे भाग. वर्षानुवर्षं चालून व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत सरकतो आणि टॅपेटची फट संपत जाते. फटच उरली नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. टॅपेट वाजत असेल तर कानाला त्रास, अजिबातच वाजत नसेल तर इंजिनाला. लागतं काय, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), दोन पाने आणि एक व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट. फट किती आणि ती थंड इंजिनावर की गरम, हे तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेतून घ्या. शेजाऱ्याच्या इंजिनाचा आकडा चालणार नाही.

मग कॉम्प्रेशन मोजा. पेट्रोल इंजिनाचा गेज इथे पुरत नाही, 40 बारच्या वर जाणारा लागतो. तो विकत घेऊ नका, एका दिवसासाठी मागून आणा. धडधाकट डिझेल इंजिन मॉडेलप्रमाणे साधारण 25 ते 35 बार दाखवतं, पण आकड्यापेक्षा तिन्ही सिलिंडरमधला फरक जास्त बोलतो. तिन्ही सारखी थोडी खाली असतील तर इंजिन म्हातारं आहे, एवढंच. ते अजून बरंच चालेल. दोन ठीक आणि एक पडलेलं असेल, तर त्या एकात हवेचा दाब देऊन कान लावा. फुसफुस हवेच्या तोंडाशी आली तर इनलेट व्हॉल्व्ह, एक्झॉस्टमध्ये आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑईल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि पाण्याच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोषाला नुसतं हेड उतरवून भागतं, खालचं इंजिन जागचं हलवावं लागत नाही.

आता काळा धूर. डिझेल जास्त किंवा हवा कमी, एवढाच त्याचा अर्थ. बोटीत त्याचं कारण निम्म्या वेळा इंजिनाबाहेर असतं. न्यूट्रलमध्ये इंजिन पूर्ण आरपीएम गाठतं आणि गिअर टाकल्यावर गाठत नाही, तर ओझं बघा : बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याला आणि तळाला शिंपले-शेवाळ चिकटलंय का, पंख्यात दोरी अडकलीय का, मागच्या मालकाने मोठा पंखा बसवलाय का. न्यूट्रलमध्येही गाठत नसेल, तर लीव्हर पूर्ण पुढे ढकलून इंजेक्शन पंपावरचा हात स्टॉपला टेकतो का ते डोळ्यांनी बघा. केबल ताणलेली असते आणि तो शेवटचं बोटभर अंतर जातच नाही, हे फार वेळा दिसतं. (अशा वेळी ताकद लागत नाही, पण धूरही फारसा नसतो.) मग एअर फिल्टर. मग एक्झॉस्टची ती वळणाची नळी, जिथे पाणी आणि धूर एकत्र होतात. तिच्याबद्दल पुढच्या उत्तरात.

हे सगळं झाल्यावरही ऑईल कॅप उघडताच भकाभका धूर येत असेल आणि निळा धूर मागे सुटत असेल, तर त्या मेकॅनिकचं बरोबर होतं. मग काम काढा. पण हातात आकडे घेऊन काढा.

प्रश्न : सावकाश चालवलं तर इंजिनाचं तापमान ठीक राहतं. जोर दिला की थोड्या वेळाने काटा लालमध्ये. इंपेलर नवा टाकला, थर्मोस्टॅट काढूनच टाकला, तरी तेच. हेड गॅस्केट गेलं असेल का?

उत्तर : आधी थर्मोस्टॅट परत बसवा. तो काढला की बऱ्याच इंजिनांत पाणी आखूड वाटेने फिरून जातं, हीट एक्स्चेंजरकडे (तिथे समुद्राचं पाणी इंजिनाचं पाणी थंड करतं) पुरेसं वळतच नाही, आणि इंजिन उलट जास्त तापतं. खात्री हवी असेल तर तो पातेल्यात पाण्यात टांगा, थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. उघडण्याचं तापमान त्याच्यावरच छापलेलं असतं. नवा घेताना हे लक्षात ठेवा, की समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमध्ये फिरवणाऱ्या इंजिनांचा थर्मोस्टॅट कमी तापमानाचा असतो, साधारण 60 अंशांच्या आसपास, कारण त्याच्या फार वर गेलं की पाण्यातले क्षार आतच बसायला लागतात. गाडीचा थर्मोस्टॅट मापाने बसतो म्हणून बसवू नये.

सावकाश ठीक आणि जोरात गरम, याचा सरळ अर्थ पाणी फिरतंय पण पुरत नाहीये. एक्झॉस्टच्या तोंडाखाली बादली धरा आणि एका मिनिटात किती पाणी येतं ते मंद आणि वाढवलेल्या रेसवर मोजा. रेस वाढवूनही पाणी वाढत नसेल तर वाटेत काहीतरी अडकलंय. तळापासून वर चला. गाळणी, कॉक, आणि मग होज पाईप. जुन्या होजचं आतलं अस्तर सुटतं आणि ओढ वाढली की नळी आतल्या आत मिटते. इंजिन बंद असताना ती अगदी चांगली दिसते, म्हणून जोरात चालू असताना बघा. जुन्या इंपेलरची पाती तुटली होती का? तुटलेले तुकडे मोजून बाहेर काढलेत का? तुम्ही लिहिलेलं नाही. ते तुकडे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी जाऊन बसतात आणि नवा इंपेलर तिथे डोकं आपटत राहतो. एक्स्चेंजरची टोपणं उघडा, नळ्यांमधून लाकडी काडी घाला. लोखंडी सळई नको. क्षारांचा थर बसलेला असेल तर सायट्रिक ॲसिडच्या सौम्य पाण्यात भिजवा. तिथेच जस्ताची कांडी असते, ती झिजून गेली असेल तर बदला. ती झिजते म्हणूनच नळ्या वाचतात.

आणि आता ती एक्झॉस्टची वळणनळी. खारं पाणी आणि काजळी मिळून तिच्या आत दगडासारखा थर बसतो. बाहेरून नळी धडधाकट, आत अंगठा जाईल एवढीच वाट. धुराला जायला जागा नाही म्हणून काळा धूर, पाण्याला जायला जागा नाही म्हणून ताप. जुन्या इंजिनाची ही नळी दर दोनेक वर्षांनी उतरवून आत बघावं असं माझं मत आहे. बोल्ट गंजलेले असतील, म्हणून आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

गॅस्केटचं म्हणाल तर थंड इंजिन सुरू करून पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं ठेवा. पाणी तापायच्या आधीच सतत बुडबुडे यायला लागले, तर गॅस्केट किंवा हेड. नाहीतर त्याला हात लावू नका. गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीही उघडायचं नाही.

प्रश्न : मिस्त्रीकाका, बाबांची बोट गेले काही महिने बंद होती. परवा ऑईलची पट्टी काढली तर ऑईल दुधाच्या चहासारखं, आणि पातळीही वर आलेली. बाबा म्हणतात ऑईल बदलून चालवून बघू. मला भीती वाटते. काय करू?

उत्तर : ताई, तुमची भीती बरोबर आहे. ऑईलमध्ये पाणी आहे, आणि ते कुठून आलं हे कळल्याशिवाय सेल्फ मारू नका. पाणी सिलिंडरमध्येही असू शकतं. बाबांना सांगा, नोझल काढून ठेवा आणि इंजिन हाताने, पान्याने फिरवा. भोकांतून पाणी उसळलं तर कळेलच.

पाणी येण्याच्या वाटा चारच. गोड्या पाण्याच्या टाकीची पातळी उतरली असेल तर हेड गॅस्केट किंवा हेडची चीर. उतरली नसेल तर ते समुद्राचं पाणी आहे, आणि ते एक्झॉस्टमधून, पंपातून किंवा ऑईल कूलरमधून आलंय. बोट उभी असताना एक्झॉस्टमधून पाणी सायफनने मागे येतं. ते तोडण्यासाठी पाण्याच्या रेषेच्या वर उंच वळणावर एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्यात मीठ साचून तो चिकटतो. तो उघडून गोड्या पाण्याने धुवायचा, एवढंच काम. दुसरी वाट पंपाची. समुद्राच्या पाण्याच्या पंपात दोन सील असतात, एक पाण्याचं, एक ऑईलचं, आणि दोघांच्या मध्ये खालच्या बाजूला बारीक भोक. पाण्याचं सील गेलं की त्या भोकातून थेंब पडतात, म्हणजे पंप स्वतःच सांगतो की सील बदला. काही हुशार लोक ते भोकच सिलंटने बुजवतात. मग थेंब बाहेर पडत नाही, ऑईलमध्ये पडतो. ते भोक बघा आणि बुजलेलं असेल तर कुणी बुजवलं ते बाबांना विचारा. ऑईल कूलर असेल तर तो उतरवून हवेच्या दाबाने पाण्यात बुडवून तपासा.

कारण सापडून दुरुस्त झाल्यावरच बाबा म्हणतात ते करायचं, पण एकदा नाही. स्वस्त ऑईल भरा, थोडा वेळ चालवा, गरम असतानाच काढा. परत भरा, परत काढा, रंग स्वच्छ होईपर्यंत. फिल्टर दर वेळी नवा. खारं पाणी आत राहिलं तर बेअरिंगवर गंज चढायला वेळ लागत नाही, म्हणून हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

पातळी वाढलेली पण ऑईल दुधाळ नाही, पातळ आहे आणि डिझेलचा वास येतो, असं कुणाचं असेल तर ते वेगळं दुखणं : बहुधा फीड पंपाचा पडदा फाटलाय. पंप बदला, ऑईल बदला, झालं.

प्रश्न : कॉम्प्रेशन वाढवणारी, रिंगा मोकळ्या करणारी औषधाची बाटली ऑईलमध्ये टाकावी का?

उत्तर : झिजलेलं लोखंड बाटलीतून परत येत नाही. काजळीने चिकटलेल्या रिंगा मात्र कधी कधी सुटतात, आणि त्यासाठीही बाटली लागत नाही. बोट बांधून ठेवून बॅटरी चार्ज करण्यासाठी तासन्‌तास मंद चालवलेल्या इंजिनात हे होतं : लायनर गुळगुळीत होतात, रिंगा चिकटतात, निळा धूर सुटतो. ऑईल बदला, बोट मोकळ्या पाण्यात न्या आणि इंजिन पूर्ण गरम करून चांगल्या लोडवर काही तास चालवा. बाटलीच्या पैशात डिझेलचा फिल्टर घ्या.

प्रश्न : माझ्या इंजिनाचं काम काढायचं ठरलंच आहे. आहे तेच बनवावं की दुसरं जुनं इंजिन बघावं?

उत्तर : उत्तर इंजिनाच्या नंबर प्लेटवर आहे. बोटीची बरीच इंजिनं मुळात ट्रॅक्टरची किंवा कारखान्यातल्या यंत्रांची असतात. बोटीसाठी त्यांच्यावर पाण्याने थंड होणारा मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग), हीट एक्स्चेंजर आणि समुद्राच्या पाण्याचा पंप चढवलेला असतो. तुमचा ब्लॉक तसा असेल तर पिस्टन, रिंगा, लायनर, गॅस्केट, फिल्टर, नोझलचं टोक हे सगळं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांत मिळतं आणि बोटीच्या डब्यातल्या त्याच वस्तूपेक्षा बरंच स्वस्त पडतं. अशा वेळी तेच बनवा. ब्लॉकवर ओतलेला नंबर उतरवून घ्या. प्लेट बदललेली असू शकते, ओतीव आकडे बदलत नाहीत.

खिसा रिकामा करतात ते बोटीचे खास भाग : मॅनिफोल्ड, एक्स्चेंजर, वळणनळी. म्हणून ते आधी तपासा. ते सडलेले असतील तर आतलं इंजिन कितीही चांगलं बनवलं तरी हिशेब जुळणार नाही, आणि त्या वेळी दुसरं इंजिन बघणं शहाणपणाचं. दुसरं घेताना ते थंड असतानाच बघायला जा. विकणाऱ्याने आधीच सुरू करून गरम ठेवलं असेल तर चहा पिऊन परत या आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा. जमिनीवर ठेवलेलं, ‘चालू होतं’ असं सांगितलेलं इंजिन म्हणजे भंगार, त्याच भावाने मागा. आणि गाडीचा अल्टरनेटर थेट बोटीवर चढवायच्या आधी तुमच्या इंजिनाचं अर्थिंग बघा. काही बोटींच्या इंजिनांत निगेटिव्हही ब्लॉकपासून वेगळा ठेवलेला असतो. तिथे साधा अल्टरनेटर लावलात तर ती सोय मोडते, आणि पाण्यातले धातूचे भाग वेगाने खायला लागतात.

प्रश्न : इंजिन ठीक चालतं, पण गिअर टाकला की सगळी बोट थरथरते. नवे रबर माउंट टाकले तरी फरक नाही.

उत्तर : नव्या माउंटमुळे इंजिनाची उंची बदलली, पण शाफ्टशी जुळणी परत केली का? आधी पंख्याचं पातं वाकलेलं नाही ना आणि शाफ्टचं बेअरिंग ढिलं नाही ना ते बघा. मग जुळणी, आणि तीही बोट पाण्यात असताना. ठोकळ्यांवर ठेवलेल्या बोटीचा आकार वेगळा असतो, म्हणून पाण्यात उतरवल्यावर निदान एक दिवस जाऊ द्या. गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांच्या कपलिंगचे बोल्ट काढा, दोन्ही तबकड्या हाताने एकमेकींना टेकवा आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेज घालून बघा. तबकडीचा व्यास 100 मिलिमीटर असेल तर चारही बाजूंच्या फटींत 0.1 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. शाफ्ट अर्धा फेरा फिरवून परत मोजा. फरक शाफ्टबरोबर फिरला तर शाफ्ट किंवा त्याची तबकडी वाकडी आहे, जागेवरच राहिला तर इंजिनाचे पाय वर-खाली करून तो काढा, आणि दर वेळी माउंटचे लॉकनट आवळल्यानंतर पुन्हा मोजा, कारण आवळताना इंजिन थोडं सरकतंच.